वेढ्यातील खरेदीखत

जुन्या करारातील संदेष्टे म्हटले की आपल्यापुढे साधारणतः दोन चित्रे उभी राहतात. एक, राजाला व प्रजेला विनाशाची ताकीद देणाऱ्या कठोर पुरुषाचे. दुसरे, आगमनकाळातील मिस्सामध्ये जिचे उतारे आपण ऐकतो त्या सांत्वन करणाऱ्या कोमल वाणीचे. या दोहोंचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. आधी परमेश्वर कोपला, पुढे त्याचा कोप निवळला आणि संदेष्ट्यांनी त्या त्या वेळी तसतसे सांगितले, अशी सोपी समजूत करून घेऊन आपण पुढे जातो. यिर्मयाचा ग्रंथ इतिहासाच्या उजेडात वाचू लागले की ही समजूत टिकत नाही, असे आम्हांस वाटते. या संदेष्ट्याच्या मुखातून न्यायाचा आणि पुनर्स्थापनेचा शब्द एकाच वेढ्यात, एकाच कैदेत निघाला. ज्याने न्याय गाळून केवळ पुनर्स्थापनेचे आश्वासन दिले, तो मात्र त्याच ग्रंथात खोटा संदेष्टा ठरला. या साऱ्याच्या मध्यभागी दृष्टान्त नाही की चमत्कार नाही. आहे तो जमिनीचा एक साधा व्यवहार. त्याचीच हकीकत येथे सांगावयाची आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. इ.स.पू. ६०९ मध्ये योशीया राजा मगिद्दो येथे इजिप्तच्या फारोच्या हातून मारला गेला आणि यहुदाच्या चिमुकल्या राज्याचे स्वास्थ्य हरपले. ६०५ मध्ये कर्कमीशच्या लढाईत बाबिलोनने इजिप्तचा पाडाव केला. या दोन बलाढ्य सत्तांच्या कात्रीत सापडलेले यहुदाचे राजे कधी हिकडे तर कधी तिकडे झुकू लागले. यहोयाकीम राजाने बाबिलोनचे मांडलिकत्व झुगारले. त्याचे फळ त्याच्या अठरा वर्षांच्या मुलाला, यहोयाकीनला, भोगावे लागले. ब्रिटिश म्युझियममधील मातीच्या एका पाटीवर बाबिलोनची राजबखर कोरलेली आहे. डी. जे. वाईजमन या अभ्यासकाने ती १९५६ साली प्रसिद्ध केली. नबुखद्नेस्सरने आपल्या सातव्या वर्षी, अदार महिन्याच्या दुसऱ्या दिवशी यहुदाचे नगर घेतले, राजाला कैद केले, आपल्या पसंतीचा दुसरा राजा गादीवर बसवला आणि जबर खंडणी नेली, अशी नोंद तीत आहे. आजच्या कालगणनेनुसार हा दिवस इ.स.पू. ५९७ च्या मार्च महिन्याची १६ तारीख. बायबलमधील एखाद्या घटनेची तिथी शत्रूच्या दफ्तरात इतक्या नेमकेपणाने सापडावी, हे भाग्य इतिहासकाराच्या वाट्याला क्वचितच येते. पसंतीचा तो राजा म्हणजे यहोयाकीनचा चुलता सिद्कीया.

यिर्मया हा जेरुसलेमच्या ईशान्येस सुमारे पाच किलोमीटरवर असलेल्या अनाथोथ गावचा, याजकाच्या घरातला. राजधानीतील मंदिराच्या दारात उभे राहून त्याने जे सांगितले ते कोणालाच रुचण्याजोगे नव्हते. मंदिर आपल्यामध्ये आहे तोवर आपल्याला काही होणार नाही, हा भरवसा फोल आहे. परके, अनाथ आणि विधवा यांना लुबाडायचे आणि मग येथे येऊन आसरा घ्यायचा, तर हे स्थान लुटारूंची गुहाच झाले, असे त्याचे म्हणणे. प्रभू येशूने मंदिरातील सराफांची चौरंगे उलथून टाकली तेव्हा त्याच्या ओठी हाच शब्द आला होता, हे वाचकांना स्मरत असेल. यिर्मयावर देहदंडाची मागणी झाली. शंभर वर्षांपूर्वी मीखा संदेष्ट्यानेही असेच भाकीत केले असता हिज्कीया राजाने त्याला मारले नव्हते, असा दाखला काही वडीलधाऱ्यांनी दिला, म्हणून तो वाचला. त्याच सुमारास असेच बोलणारा उरीया नावाचा दुसरा एक संदेष्टा इजिप्तमध्ये पळून गेला होता. त्याला तेथून पकडून आणून ठार करण्यात आले. त्याचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते?

न्यायाची ही भाषा हवेतली नव्हती. ३४ व्या अध्यायात एक प्रसंग आला आहे. यिर्मयाच्या साऱ्या ग्रंथाची किल्लीच तो आहे, असे आमचे मत आहे. बाबिलोनी फौजा जेरुसलेमच्या वेशीशी येऊन ठेपल्या तेव्हा सिद्कीयाने आणि सरदारांनी करार करून आपापल्या हिब्रू दासदासींना मुक्त केले. वास्तविक सातव्या वर्षी त्यांना मुक्त करावे, हा मोशेच्या नियमशास्त्राचा जुनाच दंडक. तो पाळायला शत्रूची फौज दारात यावी लागली. पुढे इजिप्तचे सैन्य मदतीला निघाल्याची वार्ता आली, बाबिलोनी फौजेने वेढा तात्पुरता उठवला, आणि संकट टळले असे वाटताच या प्रतिष्ठितांनी मुक्त केलेल्या दासदासींना पुन्हा धरून आणून राबवायला सुरुवात केली. यिर्मयाचा संताप येथे सर्वाधिक धारदार होतो. तुम्ही त्यांना मोकळे केले नाही, म्हणून आता परमेश्वर तलवार, मरी आणि दुष्काळ यांना तुमच्यावर मोकळे सोडत आहे, असा शब्द तो उच्चारतो. परमेश्वराचा न्याय म्हणजे आभाळातून पडणारी कुऱ्हाड नव्हे. माणसाने माणसाशी केलेल्या व्यवहाराचे माप तो त्याच्याच पदरात घालतो.

परंतु न्यायाचा संदेष्टा एवढ्यानेच यिर्मयाची ओळख पुरी होत नाही. सिद्कीयाच्या चौथ्या वर्षी यिर्मया मानेवर लाकडी जू घेऊन फिरत होता. बाबिलोनचे जू सोसा, म्हणजे वाचाल, असा त्याचा अर्थ. गिबोनचा हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात पुढे आला आणि त्याने जाहीर केले की दोन वर्षांच्या आत मंदिराची लुटलेली पात्रे, यहोयाकीन राजा आणि हद्दपार झालेले सारे लोक परत येतील. त्यावर यिर्मया ‘आमेन’ म्हणाला. परमेश्वर तसेच करो, तुझे शब्द खरे होवोत, अशी त्याने भर घातली. काही वाचक यात उपरोध पाहतात. आम्हांला तो उपरोध वाटत नाही. हनन्या सांगतो ते घडावे अशी यिर्मयाचीही इच्छा होती. परंतु इच्छा आणि परमेश्वराचा शब्द यांतला फरक त्याला कळत होता. हनन्याने त्याच्या मानेवरचे जू काढून मोडले, लोकांनी बहुधा जयघोष केला असेल, आणि यिर्मया काही न बोलता आपल्या वाटेने निघून गेला. लाकडाचे मोडलेस, आता लोखंडाचे येईल, हा शब्द त्याला नंतर मिळाला.

याच काळात त्याने बाबिलोनमधील हद्दपारांना पत्र लिहिले. घरे बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. सत्तर वर्षे भरल्यावर परमेश्वर तुम्हांला परत आणील, असा त्याचा आशय. शत्रूच्या नगरासाठी प्रार्थना! हे वाचून शमाया नावाच्या एका हद्दपाराने यिर्मयाला वेडा ठरवून खोड्यात अडकवावे, अशी उलट मागणी जेरुसलेमला धाडली. पण लोकांनी पुढे केले ते पत्रात सांगितल्याप्रमाणेच. मेसोपोटेमियातील ‘आल-याहुदू’, म्हणजे शब्दशः यहुदानगर, या वस्तीशी संबंधित मातीच्या पाट्या लॉरी पिअर्स आणि कॉर्नेलिया वुन्श यांनी २०१४ साली ग्रंथरूपाने प्रकाशित केल्या. या पाट्या रीतसर उत्खननातून नव्हे, तर पुराणवस्तूंच्या बाजारातून आल्या, ही खंत आहेच. त्यांतील सर्वांत जुनी इ.स.पू. ५७२ ची, म्हणजे जेरुसलेम पडून पंधराएक वर्षेच झाली होती तेव्हाची. त्यांत महाकाव्य काही नाही. सातूचा खंड, खजुराचे उत्पन्न, कर्ज, कर, बैल, वारसांतील वाटण्या आहेत, आणि नावे मात्र आपल्या प्रभूच्या पूर्वजांच्या जातकुळीची आहेत. खुद्द यहोयाकीन राजाचाही माग लागला आहे. बाबिलोनच्या राजवाड्यात सापडलेल्या आणि एर्न्स्ट वाइडनर यांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या शिधापाट्यांत यहुदाचा राजा आणि त्याचे पाच पुत्र यांना दिलेल्या तेलाचा हिशेब आहे. दाविदाच्या सिंहासनाचा वारस कोठीघराच्या वहीत तेलाच्या मापाने उरला होता.

आता त्या जमिनीकडे वळू. सिद्कीयाचे दहावे वर्ष. इजिप्तची मदत फोल ठरली होती, वेढा पुन्हा आवळला होता. वेढा सैल झाला होता त्या अवकाशात यिर्मया आपल्या गावाकडील वाटणीच्या कामासाठी निघाला असताना फितुरीच्या आरोपावरून वेशीतच पकडला गेला होता. मारहाण आणि अंधारकोठडी भोगून आता तो राजवाड्याच्या पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता. भटाऱ्यांच्या आळीतून त्याला रोज एक भाकर मिळत असे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल त्याला भेटायला आला आणि म्हणाला की अनाथोथचे माझे शेत तू विकत घे, कारण ते सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे.

ही मागणी किती विलक्षण होती ते पाहा. अनाथोथच्या परिसरात शत्रूचे सैन्य वावरत होते. घेणारा कैदेत होता आणि नगर पडणार असे तोच गेली अनेक वर्षे सांगत आला होता. त्यातून अनाथोथच्या माणसांनी एकदा याच यिर्मयाच्या जिवावर उठण्याचा कट केला होता. भाऊबंदही त्याच्याशी दगा करणारे निघाले, असे ग्रंथातच आहे. हनामेलला रोख चांदीची गरज असावी. वेढ्यात भाकर चांदीने मिळते, शेताने नाही. त्याचा स्वार्थ उघड आहे, आणि तरीही यिर्मयाने या मागणीत परमेश्वराचा शब्द ओळखला.

सतरा शेकेल चांदी ठरली. त्या काळी यहुदात नाणी चालत नसत, चांदी तराजूत तोलून देत. शेकेल म्हणजे जवळजवळ आपला तोळाच. तेव्हा साधारण सतरा तोळे चांदी त्या चौकात तोलली गेली. खरेदीखत लिहिले, साक्षीदारांनी सह्या केल्या, मोहोर उमटवली. खताच्या दोन प्रती होत्या, एक मोहोरबंद आणि एक उघडी. वाद उपस्थित झाला तर मोहोर फोडून आतली प्रत ताडून पाहायची, ही त्यामागची सोय. अशा जोडखतांची पद्धत त्या मुलखात पुढेही शतकानुशतके चालली. १९६१ साली यिगाएल यादीन यांना मृत समुद्राजवळच्या एका गुहेत बाबाथा नावाच्या यहुदी स्त्रीचे कागदपत्रांचे गाठोडे मिळाले, त्यात इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील अशी जोडखते आहेत. जमिनीच्या कागदांची काळजी घेणारी माणसे सर्व काळी सारखीच. यिर्मयाने दोन्ही प्रती आपला लेखनिक बारूख याच्या हाती सर्वांदेखत दिल्या आणि पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितल्या. या देशात घरांची, शेतांची, द्राक्षमळ्यांची पुन्हा खरेदी होईल, हा त्या कृतीचा अर्थ त्याने उच्चारून दाखवला. नगर पडणार हे भाकीत त्याने मागे घेतले नाही. व्यवहार उरकल्यावर परमेश्वरापुढे प्रार्थनेत त्याने आपला गोंधळ मांडला तो असा, की नगर तर खास्द्यांच्या हाती चालले आहे आणि तू मला म्हणतोस शेत घे!

येथे मूळ हिब्रू शब्दांकडे लक्ष देण्याजोगे आहे. हनामेल ज्याला सोडवून घेण्याचा हक्क म्हणतो त्यासाठी मूळ शब्द आहेत ‘मिश्पात हग्गेउल्ला’. यांतील ‘मिश्पात’ हा तोच शब्द, जो संदेष्ट्यांच्या ग्रंथांत न्यायनिवाड्यासाठी जागोजागी येतो. आमोस तो वापरतो, यशया वापरतो, यिर्मयाही वापरतो. ‘गेउल्ला’ म्हणजे गरिबीमुळे गहाण पडलेली किंवा विकली गेलेली वाडवडिलांची जमीन जवळच्या आप्ताने सोडवून घेणे. असे सोडवणारा आप्त तो ‘गोएल’. रूथच्या कथेत बवाज हेच काम करतो. पुढे हद्दपारीच्या अखेरीस यशयाच्या ग्रंथाच्या उत्तरार्धात परमेश्वराला वारंवार इस्राएलचा ‘गोएल’ म्हटले आहे. आपल्या मराठी बायबलमध्ये तेथे ‘उद्धारक’ असा भारदस्त शब्द येतो आणि त्यामागचा शेताचा बांध वाचकाच्या नजरेआड होतो. न्याय आणि उद्धार ही दोन टोके नव्हेत. कैदखान्यात आलेल्या त्या गरजू भावाच्या एका वाक्यात ती शेजारी शेजारी बसली आहेत. याच अध्यायांच्या समूहात नव्या कराराचे वचन येते, ज्याचा उच्चार शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूने प्याल्यावर केला आणि प्रत्येक मिस्सामध्ये आपण जो ऐकतो. त्या शब्दाच्या शेजारी एका शेताचे खरेदीखत आहे, हे ध्यानात असलेले बरे.

बाहेर काय चालले होते? १९३५ साली जेम्स स्टार्की यांना लाखीशच्या वेशीतील जळक्या राखेच्या थरात शाईने लिहिलेली खापरे मिळाली. एका चौकीवरील अधिकाऱ्याने वरिष्ठाला लिहिलेली ही पत्रे आहेत. त्यांपैकी एकात तो कळवतो की आम्ही लाखीशच्या आगीच्या इशाऱ्यांवर नजर ठेवून आहोत, कारण अजेकाचे इशारे दिसत नाहीत. लाखीश आणि अजेका एवढीच तटबंदीची नगरे उरली होती, असे यिर्मया लिहितो. दुसऱ्या एका खापरावर, कोणाचे तरी शब्द लोकांचे हात गाळून टाकणारे आहेत, अशी तक्रार आहे. हीच हिब्रू शब्दयोजना सरदारांनी यिर्मयावरच्या आरोपात केली आणि त्याला चिखलाच्या टाक्यात टाकले. त्याला दोराने वर काढले ते एबद-मलेख नावाच्या कूशी सेवकाने, म्हणजे आफ्रिकेतल्या परदेशी माणसाने. काखांखाली दोर काचू नये म्हणून जुन्या चिंध्या धाडण्याचेही त्याला सुचले.

इ.स.पू. ५८७ मध्ये (काहींच्या गणनेनुसार ५८६) तट फुटला. सिद्कीयाच्या डोळ्यांदेखत त्याच्या पुत्रांचा वध झाला आणि मग त्याचे डोळे काढण्यात आले. महिन्याभराने मंदिर जाळले गेले. त्या आगीने एक गोष्ट मात्र राखून ठेवली. १९८२ साली यिगाल शिलो यांना दाविदाच्या नगरातील उत्खननात मातीचे एक्कावन्न ठसे मिळाले. ज्या कागदपत्रांना ते लावले होते ती जळून गेली आणि ठसे मात्र भट्टीतल्या विटेसारखे पक्के भाजून निघाले. त्यांतील एकावर शाफानाचा पुत्र गमऱ्या असे नाव आहे. यिर्मयाची वचने बारूखने ज्याच्या दालनात वाचून दाखवली आणि राजाने ती गुंडाळी कापून शेगडीत टाकताना ज्याने विनवणी करून त्याला आवरू पाहिले, तो हाच गमऱ्या, असे अनेक अभ्यासक मानतात. (खुद्द बारूखाच्या नावाचा ठसा मध्यंतरी फार गाजला, परंतु तो बाजारातून आलेला होता आणि पुढील तपासणीत अभ्यासकांनी तो बनावट ठरवला, हे आपल्याकडील व्याख्यानांतून अद्याप सांगितले जात नाही.)

या विनाशाचा शोक यहुदी लोक आव महिन्याच्या नवव्या दिवशी उपवास करून पाळतात. आपल्या कोकणातील बेने इस्राएल समाज, ज्यांना गावोगावी शनिवार तेली म्हणत, या उपवासाला ‘बिरड्याचा रोजा’ म्हणत असे. त्या वेळच्या जेवणात वालाचे बिरडे असे, त्यावरून हे नाव. जेरुसलेमचे दुःख रायगडच्या किनाऱ्यावर वालाच्या बिरड्यात मुरले होते. आपल्याकडेही पवित्र आठवड्यात विलापगीत लॅटिनमध्ये गायिले जाई आणि कडव्यांच्या आधी आलेफ, बेथ, गिमेल ही हिब्रू अक्षरांची नावे तशीच उच्चारली जात. जुन्या पिढीच्या कानांना ते सूर परिचित असतील.

हद्दपार किती झाले? यिर्मयाच्या ग्रंथाच्या शेवटी तीन खेपांचे आकडे आहेत: ३,०२३, ८३२ आणि ७४५; एकूण ४,६००. राजांच्या दुसऱ्या ग्रंथात पहिल्याच खेपेचे आकडे याहून मोठे आहेत. कसेही मोजले तरी बहुसंख्य गरीब मागेच राहिले, आणि बाबिलोनच्या सेनानीने त्यांना द्राक्षमळे व शेते देऊन टाकली. ज्यांच्याजवळ काही नव्हते त्यांना जमीन मिळाली, तीही परक्या विजेत्याच्या हातून! संदेष्ट्याने सरदारांना सांगितलेला न्याय असाही उतरला. पण यातूनच पुढचा तंटा उभा राहिला. मागे राहिलेले म्हणू लागले की अब्राहाम एकटा असून त्याला हा देश मिळाला, आम्ही तर पुष्कळ आहोत, देश आमचाच. बाबिलोनमध्ये बसलेल्या यहेज्केलला हा दावा मुळीच मान्य नव्हता. यिर्मयानेही एकदा हद्दपारांना चांगल्या अंजिरांची आणि जेरुसलेमात उरलेल्यांना नासक्या अंजिरांची उपमा दिली होती. तरी प्रत्यक्ष निवडीची वेळ आली तेव्हा, बाबिलोनला सन्मानाने येण्याचे निमंत्रण असूनही, तो मिस्पा येथे गदल्याच्या छायेत त्या गरिबांमध्येच राहिला. गदल्याचा खून झाल्यावर घाबरलेल्या लोकांनी त्याला नको नको म्हणत असता इजिप्तला नेले. त्या शेतात त्याने कधी पाऊल टाकल्याचा उल्लेख नाही.

इ.स.पू. ५३९ मध्ये पारसाच्या सायरसने बाबिलोन घेतले. १८७९ साली होर्मुझ्द रस्साम यांना सापडलेल्या त्याच्या मृत्तिकालेखात जेरुसलेमचे नाव नाही. परंतु हलवलेल्या देवमूर्ती आपापल्या स्थानी परत पाठवण्याचे त्याचे धोरण त्यात स्पष्ट आहे आणि एज्राच्या ग्रंथातील आज्ञा त्या धोरणाशी जुळते. परत आलेल्यांची एकूण संख्या एज्राच्या ग्रंथात ४२,३६० दिली आहे. गावोगावच्या माणसांची ती कोरडी यादी वाचताना आपण सहसा पाने उलटतो. बेथलेहेमचे लोक १२३, नटोफाचे ५६, आणि त्याच ओळीत, अनाथोथचे १२८.

मंदिर इ.स.पू. ५१५ मध्ये पुरे झाले. पायाभरणीच्या वेळी जुने मंदिर पाहिलेले म्हातारे मोठमोठ्याने रडले. पुनर्स्थापना म्हणजे गेलेले जसेच्या तसे परत मिळणे नव्हे, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? आणि ४४५ मध्ये नहेम्या राज्यपाल म्हणून आला तेव्हा तट बांधणाऱ्या मजुरांच्या बायकांनी ओरड केली की दुष्काळात धान्यासाठी आम्ही शेते, द्राक्षमळे, घरे गहाण टाकली, राजाचा कर भरायला कर्ज काढले, आमच्या मुली दासी झाल्या, आणि सावकार आमचेच भाऊ आहेत. सिद्कीयाच्या वेळचाच हा गुन्हा, आता पुनर्स्थापित नगरात. नहेम्याने प्रतिष्ठितांची सभा भरवली, शेते आणि व्याज त्याच दिवशी परत करण्यास सांगितले, याजकांना बोलावून त्यांच्यासमक्ष शपथ घ्यायला लावली आणि आपल्या वस्त्राचा ओचा झटकून म्हणाला की जो हा शब्द पाळणार नाही त्याला परमेश्वर त्याच्या घरातून आणि मिळकतीतून असाच झटकून टाको. सगळी सभा ‘आमेन’ म्हणाली.